अळवामागची भिंत

दुपारचं जेवण झालं की श्रीरंगराव मागच्या खोलीतल्या खाटेवर आडवे होतात आणि उजवा तळहात भिंतीला टेकवतात. दसरा होऊन गेलाय, रोह्यात ऑक्टोबरचं ऊन मी म्हणतंय, घरातल्या बाकीच्या खोल्या भट्टीसारख्या तापल्यात. ही एक भिंत तेवढी गार. गार कसली, ओली म्हणा. रंगाचे पोपडे सुटलेत, खाली पांढरा खार फुटलाय, कोपऱ्यात बुरशी चढलीय. शहाण्या माणसाने या खोलीत सामानसुद्धा ठेवू नये. श्रीरंगराव मात्र बायको, शैलाताई, गेल्यापासून रोज इथेच झोपतात.

आजही डोळा लागता लागता त्यांच्या कानात सकाळचा फोन घोळतोय. मुलीचा, अनुजाचा, पनवेलहून. तिला सातवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. पण माहेरात आई नाही आणि आहे त्या खोलीला ही असली भिंत.

"बाबा, डॉक्टर नको म्हणतात," ती म्हणाली होती. "ओलीत बाळाची छाती भरेल. खोली झाली तर मी येते. नाहीतर इथे सासूबाई आहेतच."

"खर्च फार सांगतायत गं," श्रीरंगराव म्हणाले होते. "बघतो."

खर्च सांगितला होता परकार मिस्त्रींनी. श्रीरंगरावांनी त्यांना नुसता रंग मारून द्यायला बोलावलं होतं. मिस्त्रींनी भिंतीवर बोटाची गाठ वाजवली, मागे परसात जाऊन आले आणि म्हणाले, "घोसाळकर, रंग मारून देतो, पण ते तापावर पावडर लावल्यासारखं होईल. पाऊस जाऊन किती दिवस झाले, तरी भिंत पाणी पितेय. म्हणजे पाणी वरून नाही, पायातून चढतंय. आधी ते अळू काढायचं. मोरीचं पाणी गटाराला जोडायचं. मग भिंत विटेपर्यंत खरवडायची, चांगली सुकू द्यायची आणि नवा गिलावा. साठ-सत्तर हजार धरून चाला."

आता, एसटीत उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या वाहतूक नियंत्रकाला साठ-सत्तर हजार जड असतात, हे खरं. पण श्रीरंगरावांच्या फंडाचे पैसे बँकेत पडून आहेत आणि त्यांना ना कसला नाद, ना कसली हौस. मिस्त्रींच्या एवढ्या मोठ्या हिशेबात त्यांच्या घशात अडकला तो एकच शब्द: अळू.

ते अळू शैलाताईंचं. मोरीचं पाणी पाइपाला वाक देऊन त्यांनीच वाफ्याकडे वळवलेलं. त्या गेल्यावर श्रीरंगरावांची आंघोळ एकाएकी लांबली. दोन बादल्यांच्या चार झाल्या, वर दुपारी पाय धुणं, संध्याकाळी पुन्हा पाय धुणं. शेजाऱ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला म्हातारपणी सोवळं चढलं. म्हाताऱ्याला ठाऊक आहे की आपण धुतो ते पाय आणि भिजवतो ते अळू. पानं सुपाएवढी झालीत. कापायला कोणी नाही, खायला कोणी नाही. तेराव्याला आलेले चुलते पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "श्रीरंगा, आयुष्य म्हणजे अळवावरचं पाणी." पानावरचं पाणी ठरत नाही, हे खरंच. पण मुळाशी ओतलेलं कुठे जातं, ते चुलत्यांनी सांगितलं नव्हतं. ते भिंतीत जातं.

पंखा घरघरतोय. तळहाताखाली भिंत गार आहे. पापण्या जड होतात आणि पंख्याच्या घरघरीतूनच एक बारीक आवाज वेगळा होतो, चर्र, चर्र. देठ सोलल्याचा.

शैलाताई कोपऱ्यात विळीवर बसल्या आहेत. पदर खोचलेला, पुढ्यात अळवाच्या देठांचा भारा. श्रीरंगरावांना नवल वाटत नाही. उलट, इतके दिवस ही कुठे होती असा थोडा रागच येतो.

"कधी आलीस?"

"मी कशाला येऊ? तुम्हीच झोपलात इथे येऊन." त्या मान वर करत नाहीत. "ओल वाढली हो फार."

"वाढू दे. गार वाटतं."

"गार वाटायला माठ असतो घरात."

श्रीरंगरावांना हसू येतं. किती दिवसांनी आपल्याला कोणीतरी टाकून बोललं. त्यांना उठून तिच्या शेजारी जाऊन बसायचं आहे. ते पाय खाली सोडतात, तर पायाखाली खोलीची फरशी नाही, स्टँडचा फलाट आहे. तोच रोह्याचा स्टँड, पण माणूस नाही. चौकशीच्या खिडकीआड ते स्वतः उभे, समोर माइक. ओल आलेली भिंत इथेही आहे, तिच्यावरच गाड्यांचं वेळापत्रक रंगवलंय. गावांची नावं खालून फुगून पोपड्यांसकट गळून पडताहेत आणि भिंतीच्या पायथ्याशी, फलाटाच्या कडेने, हिरवंगार अळू माजलंय.

शैलाताई बाकावर बसल्या आहेत. मांडीवर कापडी पिशवी.

"मिस्त्री काय म्हणाले?" त्या विचारतात.

"खर्च फार सांगतो."

"तुमच्याकडे नाही?"

"आहे."

"मग?"

श्रीरंगराव माइकच्या तारेशी चाळा करत राहतात. जन्मभर या माणसाने हजारो लोकांना कुठली गाडी कुठे लागली ते खणखणीत आवाजात सांगितलं, पण घरात बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप. शैलाताईंनी त्या कुलपाशी संसार केला. त्या थांबतात. त्यांना थांबता येतं.

"अळू काढावं लागेल म्हणतो," ते शेवटी म्हणतात.

"काढा की."

"तू लावलेलं आहे."

"मी वडीसाठी लावलं होतं. पुजायला नव्हे." त्या हसतात. "एक तरी वडी केलीत?"

"मला कुठे येते?"

"मग पानं कुणासाठी वाढवताय?"

याचं उत्तर श्रीरंगरावांना नीट ठाऊक आहे आणि ते समोरच बसलंय. ते खिडकीतून बाहेर येतात. तिच्या शेजारी बसतात, मध्ये पिशवीपुरती जागा सोडून, स्टँडवर नवराबायको बसतात तसे. तिच्या केसांना खोबरेलाचा वास आहे. हा वास घरातल्या उशांमधून कधीच उडून गेला. तो नेमका कधी गेला, ते त्यांना कळलंही नव्हतं. त्यांना श्वास घेणं नको वाटतं, सोडताना वास निघून जाईल म्हणून.

"तू नाहीस तर मला करमत नाही गं," ते म्हणतात. एवढं सरळ वाक्य ते लग्नापासून पहिल्यांदाच बोलतात.

"माहितेय." त्या त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवतात. हात कोरडा आहे. "म्हणून काय पोरीला परकी करायची? तिला घरी आणा. डिंक आणा, खारीक आणा. आणि अळीव आणून ठेवा भरपूर."

"अळू? ते आहे की, एवढं समोर—"

"अळू नव्हे हो, अळीव! अळीव!"

आणि दोघंही एकदम हसत सुटतात. कारण सगळं सुरू झालं ते इथूनच. अनुजा जन्मली तेव्हा सासूबाईंनी जावयाला बाजारात पिटाळलं होतं, बाळंतिणीच्या खिरीसाठी अळीव आणायला. जावई ड्यूटीवरच्या गाड्यांच्या तंद्रीत. वाण्याकडच्या लाल दाण्यांऐवजी भाजीवालीकडून त्यांनी अळू आणलं, तेही मुळासकट, मातीच्या गड्ड्यांसकट, पिशवी भरून. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. बाळंतीण हसून हसून टाके दुखतात म्हणून रडली. बिचाऱ्याने एवढं ओझं वाहून आणलंय, फेकायचं कसं, म्हणून उठती झाल्यावर तिने ते गड्डे मोरीमागे लावले. ते हे अळू. लेकीच्याच वयाचं.

"तुमची चूक मी जन्मभर जगवली," शैलाताई डोळे पुसत म्हणतात. "आता पुरे. चला, उठा, मी आहे तोवर काढून टाकू."

त्या फलाटाच्या कडेला उकिडव्या बसतात. भिंत आता घराची आहे, मोरीचा पाइप ठिबकतोय, पण मागे फलाट आहेच.

"आधी हाताला तेल लावा," त्या सांगतात. "नाहीतर खाज सुटेल आणि बोल मला लावाल."

"तेल घरात आहे."

"मग आणा जाऊन."

श्रीरंगराव जागचे हलत नाहीत. "मी तेल आणायला गेलो," ते हळूच विचारतात, "तर परत येईपर्यंत तू असशील?"

शैलाताई पदराच्या टोकाने पानावरचा एक थेंब पुसायला जातात. थेंब घरंगळतो आणि पदर कोरडाच राहतो.

मग श्रीरंगराव उघड्या हातांनीच अळवाला भिडतात. देठ मुठीत धरून ओढतात. चीक तळहाताला लागतो, बोटांच्या बेचक्यांत जातो. एकेक गड्डा मातीतून सुटताना फस्सदिशी आवाज होतो आणि खड्ड्यात लगेच पाणी साचतं. त्यांचंच पाणी, रोजच्या आंघोळीचं. दोघांच्या कोपरांना कोपरं लागताहेत. ते मुद्दाम सावकाश उपटतात.

"एखादा ठेवू का?"

"ठेवा. पण भिंतीपासून लांब. आणि वाढेल तसा कापा. नुसतं बघत बसू नका."

शेवटचा गड्डा हातात येतो तेव्हा मागे गाडी लागलेली असते. पाटी कोरी आहे. श्रीरंगराव पुन्हा खिडकीआड आहेत, एका मुठीत मातीचा गड्डा, दुसऱ्या मुठीत माइक. शैलाताई पिशवी सावरून उठतात आणि त्यांच्याकडे बघतात. पुकारा झाल्याशिवाय गाडी हलत नाही, हा स्टँडचा नियम त्यांनाही माहीत आहे.

श्रीरंगराव घसा खाकरतात. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," त्यांचा आवाज सबंध रिकाम्या स्टँडवर घुमतो. "ही गाडी... ही गाडी आज उशिरा येईल."

"अहो," शैलाताई हसतात, "गाडी समोर उभी आहे."

"अर्धा तास तरी. रस्त्यात बिघाड झाला आहे. प्रवाशांनी बसून राहावे. कृपया बसून राहावे."

नोकरीत एकदाही खोटा पुकारा न केलेला माणूस माइकला तोंड लावून पुन्हा पुन्हा तेच सांगत राहतो. शैलाताई खिडकीशी येतात. काचेच्या भोकातून हात आत घालून श्रीरंगरावांची मूठ उघडतात, माती झाडतात, तळहात न्याहाळतात.

"बघा, लाल झाला की नाही? सांगितलं होतं, तेल लावा." आणि त्यांच्या तळहातावर बोट दाबून म्हणतात, "पोरीला फोन करा."

श्रीरंगरावांना जाग येते.

पंखा घरघरतोय. खिडकीतून उतरतीचं ऊन खाटेच्या पायापर्यंत आलंय. कोपऱ्यात विळी नाही. ते मान उंचावून खिडकीबाहेर पाहतात, तर अळू जिथल्या तिथे, सुपाएवढी पानं उन्हात डोलताहेत, एक देठ मोडलेला नाही.

पण उजव्या हाताला खाज सुटलीय. तळहाताला, बोटांच्या बेचक्यांत, सणसणून. भिंतीच्या खाराने असेल, ते मनाशी म्हणतात. पण या भिंतीला हात लावून ते किती महिने झोपताहेत, कधी खाजलं नव्हतं. आणि ही खाज त्यांना चांगली ओळखीची आहे. श्रावणात शैलाताई अळू चिरत, तेव्हा ते मदत म्हणून दोन देठ सोलायचे आणि मग आमसूल चोळत घरभर नाचायचे, ती हीच खाज. श्रीरंगराव तो हात तोंडाशी नेऊन हुंगतात. हिरवा, कच्चा वास आहे. तेवढ्याने त्यांचा बांध फुटतो. ओल्या भिंतीला पाठ लावून ते लहान मुलासारखे रडतात.

मग डोळे पुसून डाव्या हाताने फोन लावतात.

"अनु, उद्या परकारांना कामाला लावतोय. अळू काढणार, भिंत विटेपर्यंत खरवडणार. तू येईपर्यंत वाळेल."

"आईचं अळू? बाबा, तुम्ही तर खर्च फार म्हणत होतात."

"फारच आहे," ते म्हणतात. "पण करायचा. तू ये फक्त. डिंक, खारीक, सगळं आणून ठेवतो. अळीव आणतो."

"नक्की अळीवच ना, बाबा?" अनुजा हसते. आईने ती गोष्ट तिला शंभरदा सांगितलेली आहे.

"या वेळी अळीवच," श्रीरंगराव म्हणतात.

फोन ठेवून ते स्वयंपाकघरात जातात. फळीवरून खोबरेलाची बाटली काढतात, झाकण उघडतात. हात आगीसारखा खाजतोय. ते बाटली हातावर तिरकी करतात, थांबतात आणि झाकण परत लावतात. संध्याकाळी लावू, म्हणतात. तोवर असू दे.