दरीपलीकडून मारलेली हाक

आम्ही तिघे मेळघाटात गेलो ते एका फुलासाठी. वनस्पतीशास्त्राचे सर, मी आणि माझा खोलीवरचा मित्र. अमरावतीच्या कॉलेजात आम्हा दोघांचं ते तिसरं वर्ष. सरांना ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर उगवणारी एक आमरी, म्हणजे ऑर्किड, हवी होती. ती खालून दिसते, पण हाती लागत नाही. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की चिखलदऱ्याच्या पलीकडे एका लाकूडठेकेदाराने दरीवर लोखंडी तार ताणली आहे. सागाची लाकडं तिच्यावरून घसरत पलीकडे जातात, आणि कोणी मोठा माणूस आला तर त्याला फळीवर बसवून जंगलही दाखवतात. तार झाडांच्या शेंड्यांतून जाते. सर आठ दिवस दुसरं काही बोलत नव्हते.

माझा मित्र अकोल्याकडच्या शेतकरी घरातला. त्याच्या सपाट मुलखात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे कडब्याची गंजी. कॉलेजच्या गच्चीवर गेलो की तो कठड्यापासून चार हात लांब उभा राहायचा.

"काहून बे, कठडा चावते का तुले?" मी विचारायचो.

"कठडा नाई चावत. खालची जमीन बोलावते."

मला याचा राग यायचा. माझं वाढणं पत्रकांवर झालं होतं. वडील जिनिंग फॅक्टरीत कामाला. सभेच्या आधी पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरी येत, आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. छापील बाजू नंतर वाचली, मग पाठ केली. आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी मी बारा-तेरा वर्षांचा होतो. कोनाड्यातले देव गेले आणि तिथे पत्रकं आली. कॉलेजात मी स्वतःच लिहायला लागलो. एकाच्या शेवटी मी लिहिलं होतं: 'भिणारा माणूस आपला मालक आपणच नेमतो.' ते वाक्य मला इतकं आवडायचं की जेवताना, अभ्यास करताना, कुठेही मी ते मित्राला ऐकवायचो. तो ऐकून घ्यायचा. माझी पत्रकं सायकलवरून वाटताना त्याने आपल्याच भाऊबंदांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, हे मला माहीत होतं. तरी मी त्याला भित्रा म्हणायचो.

लाकडांच्या ट्रकमधून आम्ही तिथे पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. दिवाळीची सुट्टी लागली होती, जंगल अजून हिरवं होतं. ट्रक बंद झाला आणि कानावर एकदम काहीच येईना. पाखरू नाही, किडा नाही. मग हळूहळू एक आवाज ऐकू आला. बंद खोलीत माशी अडकावी तसा. ती तार होती. वाऱ्याने वाजत होती.

एका जुन्या ऐनाच्या बुंध्याला तिचे पाच-सहा वेढे होते. तिथून ती निघाली होती आणि समोरच्या शेंड्यांच्या गर्दीत उतरत शिरली होती. पलीकडचं टोक दिसत होतं, पण मधला भाग पानांनी गिळला होता. खाली दरी किती खोल आहे हे कळत नव्हतं, कारण तळ दिसतच नव्हता. वेढ्यांखाली झाडाची साल फाटून काळा चीक वाहिला होता.

ठेकेदाराचा मुनीम तिथे खाटेवर बसून पान लावत होता. वाटाड्या म्हणून त्याने एक कोरकू आदिवासी माणूस दिला. चाळिशीचा, काटक, आमच्याकडे सरळ न बघणारा. तो आधी त्या ऐनाजवळ गेला, बुंध्याला तळहात टेकवला, मग कान लावला आणि डोळे मिटून उभा राहिला.

मी लगेच तोंड उघडलं. झाडाला देव मानणाऱ्यालाच ठेकेदार लुटतो, असं काहीतरी मी सरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. त्या माणसाने डोळे उघडले.

"पूजा नाही बाबू," तो म्हणाला. "झाड हालते का पाहून राहिलो. तार वढते त्याले."

मित्र खाली बघून हसला. मला ते हसणं लागलं.

वाटाड्याने मग आम्हाला रीत सांगितली. कप्पीला साखळीने टांगलेल्या फळीवर बसायचं, दोन्ही हातांनी साखळी धरायची, तारेला हात लावायचा नाही. फळीला मागून अंबाडीचा दोर बांधलेला असतो, तो इकडची माणसं हळूहळू सोडतात. मध्ये थांबवायचं असेल तर दोर आवळतात. "अन् पलीकडून बोललेलं इकडं समजत नाही. आवाज दरी खाते. म्हणून तारेवर दगड मारायचा. एक ठोका, थांबा. दोन ठोके, येऊ द्या."

मुनीम खाटेवरूनच बोलला, "अबे, हे काय तार ऑफिस हाये? शिकलेली पोरं हायेत, तोंड हाये त्यायले. जाय तू."

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. आदिवासी मजुरांवर मी दोन पत्रकं लिहिली होती, आणि त्यातला एक माणूस समोर उभा राहून मला त्याच्या कामाची गोष्ट सांगत होता तेव्हा मी मुनिमाच्या विनोदाला हसलो.

पलीकडे तार ज्या झाडाला बांधली होती ते बघायला वाटाड्या फळीवर बसून आधी गेला. लुगड्याच्या घडीत सुई शिरावी तसा पानांत शिरला. बऱ्याच वेळाने दोन ठोके ऐकू आले. टण्, टण्. मजुरांनी रिकामी फळी ओढून परत आणली.

"आधी कोण?" सरांनी विचारलं.

मित्राचा चेहरा मातकट झाला होता. "सर, मी अठीच थांबतो. कागद-बिगद सांभाळतो."

"पाह्य, पाह्य," मी म्हणालो. "मालक नेमून राहिला आपला."

"तू नेमू देशीन तर ना, लेका! तूच मालक झाला माह्यावाला."

मजूर हसले. सर म्हणाले, "जबरदस्ती नाही हं कुणावर." पण त्यांच्या हातातल्या पिशवीत आमरी ठेवायला ओलं शेवाळ तयार होतं, आणि फळी कुठे थांबवायची हे पलीकडून सांगायला एक जण लागणार हे सगळ्यांना दिसत होतं. ठरलं असं की मी आधी जाऊन जागा हेरायची, पलीकडे उतरायचं, मग मित्राने यायचं. मी तिकडून सांगेन तिथे त्याची फळी थांबवायची आणि त्याने फूल काढायचं. त्याने मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

मी बसलो. पाय जमिनीवरून सुटले आणि पहिल्या दहा हातांत माझी सगळी पत्रकं डोक्यातून निघून गेली. कप्पीचा कर्र आवाज डोक्यावर, आणि पायांखाली झाडांचे शेंडे. आपण झाडं नेहमी खालून बघतो. वरून ती ओळखीची वाटत नाहीत. सागाची मोठी पानं किड्यांनी खाऊन जाळी झालेली, आणि जाळीतून खाली काळोख. एका फांदीवर वानरं बसली होती. पंधरा-वीस असतील. एकही ओरडलं नाही. माझी फळी जवळून गेली तेव्हा सगळ्यांनी एकदम माना वळवल्या, माझ्याकडे नाही, माझ्या वर, कप्पीकडे.

आमरी मी पाहिली. पिवळट, लहान. खरं सांगायचं तर एवढा खटाटोप करण्यासारखी नव्हती.

पलीकडे वाटाड्याने मला ओढून घेतलं. माझी भीती त्याला दिसू नये म्हणून मी खाली बसलो. तो मात्र माझ्याकडे बघत नव्हता. कमरेचा फडका सोडून तो तारेवरून पुढे-मागे फिरवत होता. फडका एका जागी अडकला. त्याने सोडवला, पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच अडकला. त्याला सूत निघालं. तारेचे पीळ तिथे तुटले होते आणि त्यांची टोकं काट्यांसारखी वर आली होती. झाडापासून दोन हातांवर असे चार काटे मी मोजले. त्याने बोट पुढे केलं. वीसेक हातांवर, दरीच्या वर, तार मला केसाळ दिसली.

"सकाळी नव्हतं एवढं," तो म्हणाला. "आता कोणी नाही यायचं. आपण पायी उतरून जाऊ." आणि तो वाकून दगड शोधू लागला.

मी वळलो. पानांच्या फटीतून पलीकडचा ऐन दिसत होता. मजुरांनी फळी ओढून नेली होती. मित्र तिच्यावर बसला होता. दोन्ही हातांनी साखळी धरून, मान खाली घालून. पाय अजून जमिनीवर होते.

दगड सापडेपर्यंत मला दम धरवला नाही. मी हात हलवला आणि जीव खाऊन ओरडलो, "राऊ दे! राऊ दे!"

त्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण तो बघत होता एवढं नक्की. मग त्याने पाय उचलले, आणि मजुरांनी दोर सोडला.

मागून वाटाड्याचा एक ठोका पडला. टण्. एकच. तो पडला तेव्हा फळी पानांत शिरली होती. कप्पीच्या कर्र आवाजात तो मजुरांना कळला नसावा, दोर सुटतच राहिला.

आम्ही दोघे तारेकडे बघत उभे राहिलो. ती आता वाजत नव्हती, गुरगुरत होती. वाटाड्या कोरकूत काहीतरी पुटपुटत दोराचा फास करत होता. शेंड्यांतून मित्र बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे उघडे होते. त्या केसाळ जागेवर कप्पी आली आणि अडली. फळी पुढे झोकांडली, मागे आली, पुन्हा पुढे. पुढच्या झोक्याला तो निम्मा फळीवरून घसरला आणि त्याने ते केलं जे कोणीही केलं असतं. डावा हात वर टाकून तार पकडली.

"हात काढ!" आम्ही दोघेही ओरडलो. ते त्याला ऐकू आलं असेल. पण सोडून कुठे जाणार?

त्याच्याच वजनाने कप्पी काट्यांवरून उसळली आणि पुढे आली. बोटांवरून.

वाटाड्याने फास टाकला, तिसऱ्यांदा तो फळीच्या टोकात अडकला, आणि आम्ही त्याला झाडापर्यंत ओढलं. दरी उतरून, पुन्हा चढून ट्रकपर्यंत यायला चार तास लागले. सगळ्या वाटेने वाटाड्याने त्याला पाठीवर घेतलं होतं. अमरावतीच्या दवाखान्यात दोन बोटं काढली.

मुनिमाने ठेकेदाराला सांगितलं की कोरकूने तार नीट बघितली नाही. त्याला कामावरून काढलं. यावर मी पत्रक लिहिलं. सडलेली तार, ठेकेदार, मुनीम, सगळं नाव-गाव घेऊन. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त मी ओरडलो हे त्यात नव्हतं.

त्याऐवजी मी स्वतःसाठी एक समजूत बांधली. आमच्या बोलीत आम्ही 'ह' खातो. सर वर्गात नेहमी म्हणायचे, "राहू म्हणा, राऊ काय?" आणि मी बोलीच्या अभिमानाने मुद्दाम 'राऊ'च म्हणायचो. दरीने पहिलं अक्षर खाल्लं असणार. 'राऊ दे'चं पलीकडे 'येऊ दे' झालं असणार. एका अक्षराची चूक. यात कोणाचा दोष? ही समजूत मी पाच वर्षं जपली. ती इतकी पटण्यासारखी होती की तिच्यावर लेखही लिहिला.

गेल्या उन्हाळ्यात तो लेख घेऊन मी अकोल्याला त्याच्याकडे गेलो. तो आता शाळेत विज्ञान शिकवतो. लिंबाखाली खाट टाकून आम्ही बसलो, आणि छापायला देण्याआधी त्याला ऐकवावं म्हणून मी वाचू लागलो. 'ह'पर्यंत आलो तेव्हा तो हसला.

"काय झालं बे?"

"काही नाई. गंज छान लिहिलं. पन मले बराबर ऐकू आलं होतं."

"काय ऐकू आलं होतं?"

"राऊ दे. दोनदा म्हणाला तू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतोय. "मंग आला काहून?"

त्याने उरलेल्या तीन बोटांनी खाटेचा सुंभ चाचपला. रागावलेला नव्हता. वर्गातल्या मुलाला समजावावं तसं बोलला.

"सकायपासून मले भित्रा म्हणून राहिला होता तू. तठी जाऊन उभा झाला, हात हालवला, अन् सगयायसमोर म्हणते, राऊ दे. म्या म्हटलं, हा म्हणून राहिला का 'तुले नाई जमत, राऊ दे.' मंग मी कसा थांबू, सांग?"

"मी त तुले वाचवाले..."

"मालूम हाये ना आता. तवा कसं मालूम होईन? आवाज तर रोजचाच होता तुह्यावाला."

घरातून त्याच्या बायकोने चहाला हाक मारली. तो उठून आत गेला. मी तिथेच बसून मनातल्या मनात ते दोन शब्द ओरडून पाहिले. घाबरून ओरडलो तर कसे येतील, आणि टोमणा मारायचा असता तर कसे आले असते. कितीही वेळा ओरडलो तरी दोन्ही सारखेच येत होते.