काटेमाठानं भरलेलं वावर

चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी चुडामण आणि रत्नाबाईचं थोडं कोरडवाहू वावर. कापूस दोघं मिळून लावत, निंदणी मात्र रत्नाबाईच्या हाताची. काटेमाठावर तिचा खास राग. पानांच्या बेचक्यात काटे असलेलं ते तण ती तुरे धरायच्या आत मुळासकट उपटून टाकायची. एकदा त्याचं बी मातीत पडलं की वर्षानुवर्षं उगवत राहतं.

गेल्या पावसाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. कावीळ असेल म्हणून जळगावला नेलं, तर डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. लेक मोहिनी जळगावातच, पिंप्राळ्यात राहते. तिच्याकडेच रत्नाबाईची खाट पडली, आणि चुडामण खाटेशेजारी. सकाळी डोळे उघडले की ती आधी तण काढून झालं का तेच विचारायची.

“काटेमाठ उपटा का?”

“हाव, बठ्ठा उपटा. तोतारामनी मजूर लाई दिधात.”

शेजारच्या वावराचा तोताराम. मजूर लावायचं त्याला चुडामणने विचारलंसुद्धा नव्हतं. गावाकडे तो स्वतःही फिरकला नव्हता. तोंडात पाणी घालायला, कूस बदलायला तिला दुसरं कुणी चालत नव्हतं.

दिवाळीच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, घरी न्या. मोहिनीने गाडी केली. गाव जवळ आलं तशी रत्नाबाई म्हणाली, “वावरजोडे गाडी उभी करा.”

चुडामणने टाळून पाहिलं. तिने ऐकलं नाही.

कापूस दिसतच नव्हता. कमरेएवढा काटेमाठ माजला होता, लालसर दांड्यांचा, आणि तुऱ्यांतून बारीक काळं बी झडत होतं. बांध ओलांडून तो तोतारामच्या रानातही शिरला होता. ती पाहत राहिली. चुडामणची मान वर होईना.

“तुम्ही मनी खाटजोडेच बठेल व्हतात,” ती एवढंच म्हणाली आणि त्याचा हात धरून ठेवला.

त्याच आठवड्यात ती गेली.

यंदा वावरभर काटेमाठाची रोपं उगवली. चुडामण विळा घेऊन आधी तोतारामच्या बांधाला बसला. बोटं रक्ताळली तरी उठेना. शेवटी तोताराम जवळ आला.

“नाना, ऱ्हाऊ द्या. फवारा मारू. हातानी हाई बठ्ठं कोठे सरनार?”

“माले ठाऊक शे,” चुडामण म्हणाला. “पन घर जाईसन काय करू?”

 ऊन चढेपर्यंत तोताराम तिथेच बांधावर बसून राहिला.