उन्हात कडाडलेली वीज

आमच्या गल्लीतल्या बायांनो, आणि नातवंडांच्या शिक्षणापायी माझ्यासारख्याच पुण्यात येऊन पडलेल्या आज्यांनो, आधी कबूल करते. बाहेर लख्ख ऊन असताना वीज कडाडली म्हणून मी घरातले समदे प्लग उपटले आणि नातीच्या कामाचा सत्यानाश केला.

हीच बाई गावाजवळच्या वारंगा फाट्यावर पुण्याच्या ट्रॅव्हल्सची वाट बघत किती ऐटीत उभी होती म्हणून सांगू! पायाशी ज्वारीच्या पिठाची थैली, काखेत गोधडी, आणि तोंडावर असा भाव की जणू पुणं हिच्याचवाचून अडलंय. नात पल्लवी तिथं कॉम्प्युटर सायन्स शिकते, त्यातही व्हिडिओ गेम बनवायचं. पहिलं वर्ष हॉस्टेलात काढलं आणि पोरगी वाळून काडी झाली. मुलगा म्हणाला, "आई, तू जा. लेकराला दोन घास करून घाल. आमाला हळद सोडून येता येईना." शेजारची कमळाबाई निरोप द्यायला आली होती की टोमणा मारायला, देव जाणे. म्हणाली, "काहून वं, खेळायला बी कॉलेज असतं व्हय?" मी ठसक्यात म्हणाले, "तुला काय कळतंय? पुण्यात समदं असतं." मला तरी कुठं काडीचं कळत होतं!

इथं दोन खोल्या. एकीत मी आणि गॅस, दुसरीत पल्लवी आणि तिचा मोठा कॉम्प्युटर. गावात दार उघडलं की चार माणसं दिसायची, इथं दार उघडलं की समोरचं बंद दार. लिफ्टमध्ये मी एकटी चढायची नाही. मधेच अडकली तर हाक कुणाला मारू? पण हळूहळू माझ्याही तोंडात डेमो, लेव्हल, सेव्ह असले शब्द बसले. कारण पल्लवी जो गेम बनवत होती, तो आमच्याच खळ्यावरचा होता. शिजवलेली हळद पसरलेली आहे, आभाळ भरून येतंय, आणि पाऊस पडायच्या आत एका म्हातारीनं ती गोळा करून ताडपत्रीखाली घालायची. ती म्हातारी कमरेवर एक हात ठेवून पळते. कुणासारखी ते विचारू नका. पल्लवीनं मला खोलीत पळायला लावून ते चालणं उतरवून घेतलं होतं.

आता गल्लीतल्यांना ठाऊकच आहे, एकदा विजेनं आमचा गावचा टीव्ही जाळला. तेव्हापासून आभाळ गुरगुरलं की हातातलं टाकून आधी प्लग काढायचे, ही माझी शिस्त. त्या दिवशी पल्लवी कॉम्प्युटरवर गेम चालू ठेवून, वर तो सेव्ह करायला लावून आंघोळीला गेली. मी भाकरी थापत होते. कडाड्! मी पिठाच्या हातानं धावले. एकेक प्लग ओढला. खिडकी लावली. गॅलरीतले कपडेसुद्धा आत आणले. ते कपडे उन्हानं चटचट तापलेले होते, तरी या शहाणीच्या डोक्यात उजेड पडला नाही. उलट पल्लवीची शाबासकी घ्यायला मी पदर सावरून बसले.

केस पुसत ती बाहेर आली आणि काळ्या पडद्याकडं बघतच राहिली. "आज्जे, काहून बंद केलं?"

"अगं, वीज कडाडली ना!"

तिनं खिडकीकडं बघितलं. मग खाली बसली. "ती माझी वीज होती आज्जे. मीच बनवली."

आधी ती हसली, मी पण हसले. मग कॉम्प्युटर सुरू केला तर फाईल उघडेना. तिनं मित्रांना फोन लावले, ते येऊन बसले, काय काय करून बघितलं. मी चहा करत राहिले, दुसरं करणार काय? गावाकडं हळद भिजली तर रंग जातो, पण हळद तर राहते, पुन्हा वाळवता येते. इथं जे सांडलं ते वेचायलासुद्धा दिसत नव्हतं. जुनी एक प्रत निघाली, पण त्यात आभाळच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेम बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं कॉलेजात पोरं निवडायला आली. पल्लवीनं तीच प्रत दाखवली. स्वच्छ उन्हात म्हातारी जीव तोडून हळद गोळा करतेय. त्यातल्या एकानं प्रेमानंच विचारलं म्हणे, "पण या आजींना एवढी घाई कसली आहे?" निवडली गेली ती वर्गातली दुसरी दोन पोरं.

पल्लवी अजून शिकतेय, आभाळ नव्यानं भरतेय. पहिल्यासारखं जमत नाही म्हणते, आणि मला त्यातलं काही दुरुस्त करता येत नाही. मुलगा फोनवर विचारतो, "आई, घरी कधी येतीस?" मी पिकापाण्याचं काढून बोलणं फिरवते. घर म्हणजे फाट्यावरून आत वळलेला रस्ता, एवढंच मला ठाऊक होतं. कॉलेजातून ती हात हलवत परत आली, त्या संध्याकाळपासून तेवढं ठामपणे सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी लुगडी पिशवीत भरून बसले होते. तिला म्हणाले, "पोरी, मला गाडीत बसवून दे. मी इथं नुसता खोळंबा."

तिनं चपला काढल्या, पिशवी माझ्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवली आणि तिथं डोकं टेकलं. म्हणाली, "गप बस आज्जे. हॉस्टेलात मी बाथरूमचा नळ सोडून रडायची. आज मला नळ न सोडता रडू दे."