माझा आवाज गेला तो महिना

परीक्षा महिन्यावर आली आणि माझा आवाज बसला. सर्दीखोकल्यानं बसतो तसा नव्हे. घशातून नुसती हवाच यायला लागली. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्यात, बोलणं पूर्ण बंद. मी मान हलवली तर म्हणाले, "कुजबुजायचंही नाही हं, त्यानं जास्तच ताण पडतो." दुसऱ्या कुणा बाईला हा सल्ला मिळाला असता तर घरच्यांनी पेढे वाटले असते, आमचे हे तसं म्हणालेसुद्धा. पण मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, कारण माझ्या लेकीची, रेवाची, दहावी माझ्या आवाजावर चालली होती.

रेवाला डिस्लेक्सिया आहे. अक्षरं तिच्यासमोर स्थिर राहत नाहीत. एक परिच्छेद वाचायला तिला लागतो तेवढ्या वेळात मैत्रिणींचा धडा संपतो. ऐकलेलं मात्र तिला छान कळतं. बोर्डाकडून लेखनिकाची परवानगी मिळाली होती. म्हणजे नववीतली एक मुलगी तिला प्रश्न वाचून दाखवणार आणि रेवा सांगेल ते लिहिणार. पण सांगायला आधी डोक्यात काही हवं ना! ते घालायचं काम माझं. शाळा गुजराती माध्यमाची आणि मी लग्न होऊन साताऱ्याहून बडोद्यात आलेली. भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं माझं गुजराती पक्कं, छापलेलं वाचताना मात्र अजूनही अडखळते. तरी रोज संध्याकाळी मी मोठ्यानं वाचायची आणि ती ऐकायची. ह्यांची नोकरी नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात, पाळ्यांची. घरी येतात ते दमून भागूनच. शिकवणीच्या बाईंनी केव्हाच हात टेकले होते. मोबाइलवरचे धडे लावून पाहिले, पण समोर माणूस नसलं की हिचं लक्ष उडालंच.

दत्तावर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. पोथीतलं थोडं मोठ्यानं वाचायचं आणि मगच चहा, असा नेम. आवाज गेला तसा तोही बंद पडला. मनातल्या मनात मी देवाशी कडाकडा भांडले. घ्यायचंच होतं तर गुडघे घ्यायचे होतेस, नाहीतरी ते दुखतातच. नेमका आवाज कशाला? आणि खरं संकट तर पुढंच होतं. ज्याला बोलता येत नाही तो लिहून सांगतो. ह्यांना, शेजारणीला मी कागदावर लिहून दाखवायची. रेवाला ते कसं चालणार? "दूध पिऊन घे" एवढंसं वाचायलाही ती थांबायची, डोळे बारीक करायची आणि रडकुंडीला येऊन म्हणायची, "आई, तू बोल ना गं!" एका घरात राहून आम्ही मायलेकी एकमेकींना परक्या झालो. शेवटी एक दिवस तिनं सगळी पुस्तकं दप्तरात कोंबली, दप्तर कपाटावर टाकलं आणि म्हणाली, "यंदा नाही बसत मी परीक्षेला." माझ्या तोंडचं पाणी पळालं. समजूत घालायची तर कशानं घालू?

गुरुवारी तिला घेऊन निजामपुऱ्यातल्या आमच्या दत्तमंदिरात गेले. मागायला नव्हे, खरं सांगायचं तर रुसून बसायला. मंडपात एक गुजराती आजी पोथी सांगत होत्या. ऐकणाऱ्या दोघीच, त्यातली एक वाती वळत होती आणि दुसरी चक्क डुलक्या घेत होती. आजी मात्र गोष्ट रंगवून सांगत होत्या. मध्येच थांबून विचारायच्या, "पछी शुं थयुं?" मग पुढं काय झालं? कुणी उत्तर दिलं नाही की स्वतःच पुढं जायच्या. आम्ही खांबाला टेकून बसलो. नर्मदेकाठी तपाला बसलेल्या कुणा राजाची गोष्ट होती. आजींना जोराचा ठसका लागला, त्या पाणी प्यायल्या आणि आपण कुठं होतो तेच विसरल्या. "हुं क्यां हती?" त्यांनी आमच्याकडे पाहिलं. वाती वळणारी नुसती हसली. आणि माझी रेवा, जी वर्गात प्रश्न आला की मान खाली घालते, तिनं राजा, त्याची मुलं, कोण कुठल्या दिशेला गेला, धाकट्याला शाप का मिळाला, सगळं घडाघडा गुजरातीत सांगून टाकलं.

आजींनी चष्मा काढला. "आ छोकरी तो बधुं सांभळे छे!" ही पोर तर सगळं ऐकते! मग मला म्हणाल्या, "बेन, हिला रोज पाठवाल का माझ्याकडे?" मी गळ्याला हात लावला, आणि डोळ्यांतून पाणीच आलं. माझ्या वतीनं रेवाच बोलली. आईचा आवाज, दहावी, कपाटावर टाकलेलं दप्तर, काही म्हणून लपवलं नाही तिनं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ए चोपडीओ पण लेती आवजे. हुं वांचीश." ती पुस्तकंही घेऊन ये, मी वाचेन.

दुसऱ्या दिवशी आजींनी विज्ञानाचं पुस्तक पोथीच्याच पाटावर ठेवलं, नमस्कार केला आणि सुरू झाल्या. रक्ताभिसरणाचा धडा त्यांनी असा सांगितला की रक्त जणू यात्रेलाच निघालंय. हृदयातून निघालं, फुप्फुसात मुक्काम केला, पछी शुं थयुं? पुढचं रेवानं सांगायचं. आम्लं नि अल्कली आजींना स्वतःलाच कळायची नाहीत. मग त्या तिला म्हणायच्या, "मने समजाव," आणि आमच्या बाईसाहेब त्यांना समजावत बसायच्या. इतिहासाला तर वाती वळणारीसुद्धा जवळ सरकून बसायची. गणित आलं की मात्र आजी दत्ताकडे बोट दाखवायच्या. ते ह्यांनी सुट्टीच्या दिवशी घेतलं. धडा संपला की जयजयकार ठरलेला. पचनसंस्थेच्या शेवटी दत्त महाराजांचा जयजयकार झाला तेव्हा मला हसू आवरेना, आणि मला हसायलाही बंदी!

मी तिथं काय करत होते? काहीच नाही, नुसती बसून होते. रेवा बोलताना अडते, शब्द शोधते. एरवी तो शब्द मीच घाईनं पुरवून मोकळी व्हायची. आता पुरवता येत नव्हता, आणि थोडं थांबलं की तिला तो सापडतो हे मी डोळ्यांनी पाहत होते. मला लाज वाटली आणि आनंदही झाला. मग वाटलं, देवापुढंही माझं असंच चालतं की. हे कर, ते होऊ दे, आणि जरा लवकर बघ! त्या मंडपात मी पहिल्यांदा त्याच्यासमोर काही न मागता बसले. सहज जमलं असं नाही. अधूनमधून मन सूचना द्यायला धावायचंच.

परीक्षेच्या तोंडावर डॉक्टरांनी दोनचार वाक्यं बोलायची परवानगी दिली. केंद्राच्या फाटकाशी सगळ्या आयांच्या सूचना चालल्या होत्या. माझ्याही ओठांवर ढीगभर होत्या. मी रेवाच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाले, "जा, सांगून ये." आवाज घोगराच निघाला. "आई, तू बोललीस!" म्हणत ती हसतच आत गेली.

रेवा पास झाली. गणितात काठावर, विज्ञानात आम्हा कुणाला वाटलं नव्हतं इतकी चांगली. पेढे घेऊन आजींच्या पाया पडलो तर त्यांनी मलाच हात जोडले. म्हणाल्या, पती गेल्यापासून दर गुरुवारी दत्ताला एकच मागत होते, माझं शेवटपर्यंत ऐकणारं कुणीतरी पाठव.

याला योगायोग म्हणणारे खुशाल म्हणोत, मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं की माझा आवाज शाबूत असता तर त्या गुरुवारी मी घरीच बसले असते, रेवाला अडखळत धडा वाचून दाखवत. मी ज्यावरून देवाशी भांडले, त्यातच त्यानं आम्हा तिघींचं काम करून टाकलं होतं. आता रोज सकाळी पोथी उघडण्याआधी मी थोडा वेळ गप्प बसते. त्याला काही सांगायचं असेल तर सांगू दे.