वरच्या खाचराचं पाणी

रिहे गावातल्या धोंडाबाईंचं भाताचं खाचर कधी कोरडं पडलं नव्हतं, आणि त्याचं श्रेय त्या उताराला देत. पाणी वरून खाली येतं, त्यात कुणाचे उपकार कसले, असं त्यांचं रोखठोक मत. वरचं खाचर चुलत दीर कोंडाजींचं. वीतभर बांधावरून अकरा वर्षांपूर्वी दोघांचं वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. धोंडाबाई हट्टी खऱ्याच, पण कामाला वाघ. नवऱ्यामागे एकटीनं शेत राखलं, घराला खोली जोडली आणि ती जुईलीला भाड्यानं दिली.

जुईली पुण्यात दीर्घिकांवर संशोधन करायची. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं गाव, हे धोंडाबाईंना तिनं पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं.

यंदा भादव्याअखेर भात निसवायला आलं आणि नेमकं तेव्हाच खाचरातलं पाणी आटलं. आठवडाभर असंच राहिलं तर लोंब्या पोचट निघणार होत्या. बांधातलं पाणी सोडायचं तोंड उघडावं तर ते वरच्या मालकानंच उघडायचं, खालच्यानं हात लावायचा नाही, ही इथली रीत.

"कोंडाजीनं डूख धरलाय," धोंडाबाई पडवीत तांदूळ निवडताना म्हणाल्या. "मुद्दाम तोंड बुजवलंय. न्हाईतर हितलं पानी कधी सरलं न्हाई."

"आपल्या दीर्घिकेतला वायूही असाच कधी सरला नाही, आजी," जुईली म्हणाली. "वायू आकसून तारे बनतात. आत आहे तेवढ्याच वायूवर भागवायचं असतं, तर तो एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. पण ती दहा अब्ज वर्षं तारे घडवतेय."

"मग पुरतोय कसा?"

"बाहेरून येत राहतो, हळूहळू. तारे फुटले की थोडा बाहेर उडतो, त्यातलाही काही परत येतो. पूर्वी आवक मोठी होती, तेव्हा तारेही धडाधड जन्मायचे. आता दोन्ही कमी झालंय. जिची आवक थांबते, तिच्यात जुने तारे तेवढे उरतात."

"येताना दिसतोय का?"

"क्वचितच. तारे अजून जन्मतायत, म्हणजे कुठून तरी येत असणार, एवढं कळतं."

धोंडाबाईंचा हात सुपातच थांबला. मग त्या उठल्या आणि तडक बांधावर गेल्या.

तोंडात गाळ साचून वर गवत उगवलं होतं. शेजारी कोंडाजींचं खोरं पडलेलं, आणि त्यांच्या बाजूनं तिथवर आलेली पायवाट. सर आली की तोंड गाळानं बुजणार, म्हणजे ते कुणीतरी दर वेळी मोकळं करत होतं. खाली गवत कापणाऱ्या स्नेहलला, कोंडाजींच्या सुनेला, त्यांनी सासऱ्याचं विचारलं.

"मामांचा पाय मोडलाय की. पंधरा दिस झालं, उरवड्याला वन्संकडं हायेत."

धोंडाबाई बांधावरच बसल्या. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीभर तांदूळ घेऊन त्या उरवड्याला पोचल्या. वाटेत मनात जुळवलेलं सगळं बोलणं कोंडाजींना बघताच विसरलं.

"भावजी, तोंड बुजलंय," त्या म्हणाल्या. मग थांबून, "अकरा वरसं तुमी पानी सोडलंत आन् मी उताराचं गुण गायले. तुमचं लई उपकार हायेत."

कोंडाजींनी प्लास्टरमधला पाय सरकवून त्यांना बसायला जागा केली. "स्नेहलला सांगतो. आत्ता उघडंल."

"नको. तुमची ना न्हाई तर मीच उघडते."

"उघडा की. खोरं तितंच हाय." त्यांनी पिशवीत हात घालून मूठभर तांदूळ काढला, नाकाशी नेला. "वैनी, माझ्या खाचरात पानी कुठनं येतंय?"

"त्येच्या वरच्या, हैबतरावांच्या खाचरातनं."

"त्याचं उपकार मी तरी कवा मानलं?"

त्यांनी लेकीला हाक मारली. "हैबतरावाला फोन लाव गं."