सगळ्यात मोठा आकडा

वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे गेले." मी बदलापुरात अजून अंथरुणातच होतो. माझा चुलतभाऊ अण्णा उभा जन्म मला ह्या आळसावरूनच बोलत आला, आणि आता बोलायला तोच नव्हता...

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये अण्णाचा दिवस मैदानावर सुरू व्हायचा. बायपास झाल्यापासून तर तो पळल्यासारखाच चालायचा. कारखान्यांचा उग्र वास आला की म्हणायचा, "बाळ्या, इतकी स्ट्राँग हवा कुठे मिळणार?" मी सोबतीला असलो तर बाकावर बसून वडापाव सांभाळायचो.

मागच्या हिवाळ्यात तिथे डॉक्टर मुलं यंत्र घेऊन आली. अशा हवेत व्यायाम करणाऱ्यांच्या श्वासनलिकेला किती सूज येते, ते फुंकरीवरून मोजायचं होतं. नळीत सावकाश, एकसारखं फुंकायचं. मी आधी नापास. मग कसाबसा एक छोटासा आकडा आला. अण्णाचा सगळ्यात मोठा! टाळ्या पडल्या. त्याच्याबरोबर चालणारे सिंधी शेठ ओरडले, "साईं, आप तो फर्स्ट आ गये!" अण्णाने सगळ्यांना जिलेबी सांगितली. पहिला घास तोंडात असतानाच डॉक्टर मुलगी हळूच म्हणाली, "काका, आकडा जास्त म्हणजे सूज जास्त. तुम्ही इथे चालू नका."

"आणि हा?" अण्णाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"त्यांचं ठीक आहे."

"अहो, हा तर चालतच नाही!"

सगळे हसले, मीही. अण्णा नाही हसला.

हृदयाचे डॉक्टर म्हणाले, रोज चाला. छातीचे म्हणाले, बाहेर चालू नका. मी त्याला बदलापुरात, सोनिवलीला माझ्या घरी आणलं; समोर नव्या टॉवरची धूळ. खोकत परत गेला. शेवटी घरातच चालू लागला, बूट घालून, गॅलरीपासून ओट्यापर्यंत आणि परत. वाटेत येतो म्हणून टीपॉय भिंतीला लावला. मी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावून दिली. तरी वास यायचाच. "हल्ली हवा घरपोच देतात रे," तो खोकता खोकता म्हणायचा. मी सुटलेली कड पुन्हा दाबून बसवायचो. चिकटपट्टीपलीकडे माझ्या हातात काही नव्हतं...

अण्णा गेल्यानंतर परवा वहिनींकडे गेलो तर टीपॉय अजून भिंतीलाच. कप ठेवायला म्हणून मी तो मधे ओढू लागलो. वहिनी ओट्यापासून म्हणाल्या, "नको भाऊजी, ह्यांना आडवा येतो."

मी टीपॉय मागे सरकवला. कप हातात घेऊन भिंतीला टेकून उभा राहिलो, वाट मोकळी ठेवून.