केळीच्या नावाने मिळालेली गादी

उखर्डूमामाला शर्टाचं बटण लावता येईनासं झालं. उजव्या हाताची बोटं बटणाला लागत, पण लागली हे त्याला कळत नसे. मग सरुमामी पुढे होई, आणि मामा मान वळवून कोपऱ्यातल्या रांजणाकडे बघत राही.

फोपनार गावच्या मळ्यांतून केळीचे घड खांद्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायचे, हे त्याचं तरुणपणापासूनचं काम. त्यात त्याचा डौल होता. ओल्या वाफ्यांतून तो असा चाले, की एकही फणी कशाला घासू नये.

त्याची भाची ज्योत्स्ना बुऱ्हाणपूरला शाळेत फिजिक्स शिकवते. तिनेच त्याला डॉक्टरकडे नेलं. मानेतून हातात जाणाऱ्या नसा ओझ्याखाली दबल्यात, असं डॉक्टर म्हणाले. दाब हटला तर हात परत येईल. नाही हटला तर जाईल. काम सोडायचं म्हणताच मामा हसला. दुसरं काय येतं त्याला?

ज्योत्स्नाला सगळं चित्र स्पष्ट दिसत होतं. घडाचं वजन तेवढंच. पण ते पसरून टेकलं तर दाब कमी, आणि खांद्याच्या एवढ्याशा हाडावर टेकलं तर सगळा भार तिथेच रुततो. दप्तराचा पट्टा रुंद का असतो, हे ती अकरावीच्या वर्गात दरवर्षी सांगे. मामाच्या खांद्यावर तर पट्टाही नव्हता.

"गमछ्याची घडी का घेत नाहीस?" तिने विचारलं.

"ठेकेदारानं बंद केली ना. माल बाहेरदेशी जातो आता. गमछा घासते, सालीवर रेघा पडते म्हणे."

तिला आधी वाटलं, मामा थट्टा करतोय.

रविवारी ती मळ्यात गेली. काही घड अजून झाडावरच होते, आणि त्यांच्या फणीफणीमध्ये फोमचे पांढरे मऊ तुकडे घातलेले होते. एका केळ्याचा दुसऱ्याला धक्का लागू नये म्हणून. त्यांच्याखाली मामा उभा होता, विटक्या पातळ शर्टात. तिची कानशिलं तापली.

ठेकेदार योगेश गाडीशी फोनवर होता. मामाचा हात बधिर झालाय, फोमची एकेक घडी या माणसांच्या खांद्यांनाही द्या, असं तिने नीट सांगितलं. फोम मालासाठी येतो, तो म्हणाला. हात तर तंबाखूनेही बधिर होतात.

"आणि माणसासाठी काय येतं?"

"मॅडम, माणसाची साल काळी पडत नाही."

तिने मामाला जवळ बोलावून त्याची कॉलर बाजूला ओढली. खांद्यावर तळव्यासारखा जाड, काळा डाग होता. मामा लाजला. "जाऊ दे व बाई," तो पुटपुटला. "मी काय नवरदेव हाय, मले गादी पाहिजे?" बाकीचे हसले. योगेशने डागाकडे पाहिलं आणि पुन्हा फोनमध्ये बघू लागला.

ज्योत्स्नाने कॉलर सोडली. मग तिचा आवाज एकदम थंड झाला.

"बरं, खांदा राहू द्या. घड खांद्याला जेवढा दाबतो, खांदाही घडाला तेवढाच दाबतो. आणि खाली हाड आहे, योगेशभाऊ. घड खांद्यावर टेकतात त्या बाजूची केळी पाहिलीत?"

योगेशने फोन खिशात टाकला. गाडीत आधीच भरलेला एक घड त्याने उलटा केला. मग दुसरा. सालीखाली मऊ पडलेल्या जागेवर त्याने अंगठा फिरवला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आता खरी काळजी उमटली.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या खांद्यावर फोमची जाड गादी आली. काम संपलं की ती मालाच्या सामानात परत ठेवायची, असा हुकूमही आला.

मळ्यातली माणसं ज्योत्स्नाला दुवा देत होती. तिला मात्र तोंडात कडू चव आल्यासारखं वाटे. माणसाचा खांदा दाखवला तेव्हा कुणाला काही दिसलं नव्हतं. केळं दाखवावं लागलं.

पुढे केव्हातरी ती मामाकडे गेली, तेव्हा तो आंघोळ करून शर्ट घालत होता. वरचं बटण बोटांतून निसटलं. पुन्हा निसटलं. मामी उठली, तसा त्याने डावा हात वर करून तिला थांबवलं.

"थांब. लागून राह्यलं," तो म्हणाला. "कळून राह्यलं मले."